गप्प बसलेलं मूल

शाळेत चांगलं मूल कोणतं? तर जे गप्प बसतं ते. हा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, पण मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि तेवढ्या काळात आलेल्या प्रत्येक मुख्याध्यापकांनी, तपासणीला आलेल्या प्रत्येक साहेबांनी वर्गाची परीक्षा याच मापाने केली. हाताची घडी, तोंडावर बोट. वर्ग शांत, म्हणजे बाई चांगल्या!

म्हणूनच माझी भाची जेव्हा म्हणाली, "मामी, आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात की मोठ्याने रडणाऱ्या मुलाला क्षणभर थांबवलं तरी चालतं, गप्प बसलेल्याकडे आधी बघायचं," तेव्हा मला गंमत वाटली आणि थोडा धक्काही बसला. ही भाची म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी, अमेरिकेत ओहायो राज्यात एका शाळेत नर्स आहे. (नाव घालायचं नाही अशी ताकीद आहे. घरच्यांनी ओळखलं असेलच.) शाळेतली नर्स म्हणजे गुडघा फुटला की औषध लावणारी बाई, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिच्या प्रशिक्षणाबद्दल ऐकलं आणि मग इतिहासाच्या बाईची जुनी खोड उफाळून आली. हे सुरू कुठून झालं? मागे मागे जात राहिले. जे हाती लागलं ते आज मांडते आहे.

सुरुवात न्यूयॉर्कमध्ये होते. तसं लंडनमध्ये १८९२ साली एमी ह्यूज नावाच्या परिचारिका शाळेत जाऊन मुलं बघू लागल्या होत्या, पण महापालिकेने पगार देऊन नर्स नेमण्याची गोष्ट न्यूयॉर्कची. शहराच्या लोअर ईस्ट साइड भागात तेव्हा युरोपातून आलेली गरीब कुटुंबं दाटीवाटीने राहत. तिथे लिलियन वॉल्ड या नर्सने हेन्री स्ट्रीट सेटलमेंट नावाची संस्था उभी केली होती. तिला एकदा लुई नावाचा बारा वर्षांचा मुलगा भेटला. त्याला वाचता येत नव्हतं. का, तर डोक्यावर इसब होता आणि शाळेत गेला की बाई घरी पाठवत. आई लोकांचे कपडे धूत होती. मुलगा वाया गेलाय, डोकं बरं करत नाही, असं तिचं म्हणणं! वॉल्डने मलम लावून ते डोकं बरं केलं आणि लुई शाळेत गेला. तिने हे १९१५ सालच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

तेव्हा शाळांत डॉक्टर येत नसत असं नव्हे. १८९७ पासून न्यूयॉर्कमध्ये दीडशे डॉक्टर शाळा तपासायला नेमलेले होते. ते खरूज, गजकर्ण, उवा, डोळ्यांची खुपरी असलेली मुलं हुडकत आणि घरी पाठवत. पुढे काय, हे कोणाच्याच कामात बसत नव्हतं. आईबापांना चिठ्ठी वाचता येत नसे. मूल गल्लीत खेळत राही, संध्याकाळी वर्गातली तीच मुलं त्याच्याबरोबर खेळत. म्हणजे शाळा वाचली आणि मूल गेलं.

वॉल्डने शहराला सांगितलं, एक महिना आमची नर्स घेऊन बघा. १ ऑक्टोबर १९०२ रोजी लीना रॉजर्स ही नर्स चार शाळांत कामाला लागली. त्या पहिल्या महिन्यात तिने ८९३ मुलांवर उपचार केले आणि १३७ घरांच्या पायऱ्या चढली. प्रयोग पुढे चालू राहिला, आणखी नर्स नेमल्या गेल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये शाळांनी घरी पाठवलेल्या मुलांची संख्या होती १०,५६७. पुढच्या सप्टेंबरात ती १,१०१ वर आली. इतिहासात असे आकडे फार कमी वेळा भेटतात, की जे वाचल्यावर दुसरं काही सांगावं लागत नाही.

तर ही शाळेतली नर्स जन्माला आली ती बघण्यासाठीच. पण तिचा डोळा तयार झाला तो सावकाश वाढणाऱ्या रोगांसाठी. पुढे लसी आल्या, पेनिसिलिन आलं, खरूज-खुपरी मागे हटली, आणि वजन करणारी, डोळ्यांचा तक्ता दाखवणारी, उवा बघणारी बाई एवढंच तिचं काम उरलं. भाची म्हणते, तिच्या सासूबाईंच्या पिढीला नर्स म्हटलं की अजून उवाच आठवतात!

दरम्यान दुसरीकडे वेगळीच गोष्ट घडत होती. नॉर्वेत स्टाव्हँगर गावी ऑस्मुंड लेर्डाल नावाचा खेळणी बनवणारा माणूस होता. त्याचा लहान मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला होता. तोंडाने श्वास देण्याची पद्धत डॉक्टरांनी नुकतीच सिद्ध केली होती. ती लोकांना शिकवण्यासाठी त्याने १९६० साली माणसाएवढी बाहुली बनवली. तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला, असं सांगतात. त्या बाहुलीवर जगभर लाखो लोक शिकले. आपल्याकडे स्काउट-गाइडच्या शिबिरात कोणी कोणी ती पाहिली असेल.

पण बाहुलीची एक मर्यादा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची मेख तिथेच आहे. श्वास थांबल्यावर काय करायचं ते बाहुली शिकवते. श्वास थांबायच्या बेतात आहे हे कशावरून ओळखायचं, ते ती शिकवू शकत नाही. मोठ्या माणसाचं हृदय दुखणाईत असतं, ते अचानक बंद पडतं. मुलाचं हृदय बहुधा ठणठणीत असतं. आधी श्वास अपुरा पडतो किंवा अंगातलं पाणी, रक्त कमी होतं. लहान शरीर नेटाने तोल सांभाळत राहतं, नाडी वाढवतं, हातापायांचं रक्त आत ओढून घेतं, रक्तदाबसुद्धा शेवटपर्यंत टिकवून धरतं, आणि मग एकदम कोसळतं. हृदय थांबतं ते सगळ्यात शेवटी, आणि तिथून मूल परत आणणं फार कठीण. म्हणजे वाचवण्याची वेळ असते ती त्याच्या आधीची, जेव्हा मूल बाकावर बसलेलं असतं आणि बघणाऱ्याला वाटतं, आज जरा शांत आहे एवढंच.

हे समजायला अमेरिकेलाही वेळ लागला. तिथली तातडीची सेवा उभी राहिली ती मोटार अपघात आणि हृदयविकाराचे झटके यांच्यासाठी, म्हणजे मोठ्यांसाठी. रुग्णवाहिकेत मुलांच्या मापाची साधनं नसत, माणसं शिकवलेली नसत. हवाईतले बालरोगतज्ज्ञ डॉ. कॅल्विन सिया यांनी हे लावून धरलं. त्यांच्या राज्याचे सिनेटर डॅनियल इनोये यांच्या एका सहकाऱ्याची लहान मुलगी अत्यवस्थ झाली आणि इस्पितळाच्या तातडीच्या विभागाची उणीव त्यांना जवळून दिसली. १९८४ साली मुलांच्या तातडीच्या सेवेसाठी कायदा झाला. या इनोयेंना तरुणपणी सर्जन व्हायचं होतं, पण दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर त्यांचा उजवा हात गेला. अशी माणसं इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात तळटिपेतही येत नाहीत. असो.

त्या कायद्याच्या पैशातून गेल्या चाळीस वर्षांत जे जे झालं त्यात शाळेच्या नर्सचं प्रशिक्षण हा एक छोटा भाग. तोपर्यंत शाळाही बदलली होती. १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना शाळेचे दरवाजे उघडले, आणि गळ्यात श्वासाची नळी असलेली, पोटात अन्नाची नळी असलेली मुलं वर्गात येऊन बसू लागली. १९९९ साली तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आयोवा राज्यातल्या गॅरेट एफ. या मुलाच्या खटल्यात निकाल दिला की, कृत्रिम श्वासयंत्रावर जगणाऱ्या विद्यार्थ्यासाठी दिवसभराची शुश्रूषा शाळेनेच पुरवली पाहिजे. दोन न्यायाधीश विरोधात होते, सात बाजूने. पूर्वी जे इस्पितळात असायचं ते आता तिसरीच्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर होतं. आणि बघायला एक नर्स.

तिला शिकवायचं काय? इथे तो त्रिकोण येतो.

२००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांसाठी एक अभ्यासक्रम काढला. त्यात 'पीडियाट्रिक असेसमेंट ट्रँगल' नावाची साधी आकृती होती. पुढे ती तातडीच्या विभागांत आणि शाळांच्या नर्सपर्यंत गेली. गंमत अशी की त्याला काहीच लागत नाही. नळी नाही, घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. मुलाला हातसुद्धा लावायचा नाही. दारात उभं राहायचं आणि अर्धा मिनिट बघायचं. हात लावला की मूल घाबरतं, रडतं, श्वास बदलतो आणि जे बघायचं ते पुसलं जातं.

त्रिकोणाची पहिली बाजू, मूल दिसतं कसं. अंगात जोर आहे की मान टाकली आहे? आजूबाजूला लक्ष आहे? कोणी जवळ घेतलं तर शांत होतं का? नजरेला नजर देतं की आरपार बघतं? आवाज नेहमीचा आहे का? दुसरी बाजू श्वासाची. नाकपुड्या फुलतायत का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते आहे का, मूल दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकून बसलंय का, काही घरघर, शीळ ऐकू येते का. तिसरी बाजू रंगाची. पांढरं पडलंय, निळं पडलंय, की कातडीवर जाळीसारखे डाग आहेत. (आपल्या सावळ्या मुलांत ओठांची आतली बाजू, तळहात आणि नखं बघायची.) यातून रोगाचं नाव कळत नाही, आणि तसा प्रयत्नही करायचा नाही. एवढंच ठरवायचं, की या मुलाला वेळ आहे की नाही. नाव नंतर डॉक्टर ठेवतील.

मला यात सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते आवाजाबद्दल. जोरात रडणाऱ्या मुलाची छाती हवेने भरते आहे, मेंदूला रक्त पोचतं आहे, हे त्या रडण्यावरूनच कळतं. म्हणून ते ऐकून नर्सला अर्धा दिलासा मिळतो. उलट दम्याच्या मुलाची शीळ ऐकू येत होती आणि ती थांबली, तर बघणाऱ्याला वाटतं बरं वाटलं. पण मूल थकलेलं, मान टाकलेलं असेल, तर शीळ थांबली कारण आत जायला हवाच उरली नाही. घशात घास पूर्ण अडकला की खोकलासुद्धा येत नाही. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर उतरली की ते पेंगतं, नाहीतर उगाच चिडतं, आणि बाईंना ते आळशी किंवा उद्धट वाटतं. फिट येते म्हणजे हातपाय झाडणं एवढंच आपल्याला माहीत. पण एका प्रकारात मूल काही सेकंद नुसतं शून्यात बघतं, पुन्हा लिहू लागतं. प्रगतिपुस्तकात शेरा पडतो, "लक्ष नसते." बाकावर बसलेल्या अशा मुलाला शाळेची भाषा एकच शब्द लावते: शांत. एका शब्दात किती वेगवेगळ्या गोष्टी बसतात बघा!

अ‍ॅलर्जीचं तर आणखी अवघड. अन्नातल्या एखाद्या कणाने अंगावर उठलेल्या गांध्या आपण ओळखतो, पण कधी गांध्या येतच नाहीत, नुसती धाप लागते, उलटी होते, मूल म्हणतं, "मला कसंतरीच होतंय." ते दम्यासारखं दिसतं आणि मिनिटं निघून जातात. कॅनडात ऑन्टारियो राज्यात सब्रीना शॅनन नावाची तेरा वर्षांची मुलगी २००३ साली शाळेत अशाच झटक्यानंतर गेली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि तिच्या नावाने २००५ साली कायदा झाला. १ जानेवारी २००६ पासून तिथल्या प्रत्येक शाळेला अ‍ॅलर्जीची योजना आणि शिक्षकांचं नियमित प्रशिक्षण बंधनकारक झालं. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना दम्याचा पंप आणि २०१७ पासून अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन तातडीसाठी जवळ ठेवायची मुभा आहे.

पण औषध कपाटात असून भागत नाही, ते आत्ता काढायचं हे कोणाला तरी कळावं लागतं. आणि नर्स प्रत्येक शाळेत नसतेच. २०१६ साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांनी प्रत्येक शाळेत पूर्णवेळ नर्स हवी असं जाहीर केलं. त्याच सुमाराच्या पाहणीत सुमारे पाव शाळांत नर्स अजिबात नव्हती. भाचीच्या ओहायोने तर १९९७ सालीच हे ओळखून एक पुस्तिका काढली, नर्स नसताना शिक्षकांनी, कारकुनांनी काय बघायचं आणि काय करायचं याची. पुढे इतर राज्यांनीही ती उचलली. म्हणजे फिरून गोष्ट आली कोणाकडे, तर बाईंकडे!

हे सगळं वाचताना मला सारखे आठवत होते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. १९७६ च्या सुमाराला ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा कोकणात लाल विंचू चावून मुलं मरत. मी स्वतः रायगड जिल्ह्यात नोकरी केली आहे. विंचू चावला की मूल ज्या आकांताने ओरडतं ते ज्याने ऐकलंय तो विसरणार नाही. सगळं गाव त्या ओरडण्याभोवती गोळा होई. डॉ. बावस्करांनी रात्र रात्र मुलांच्या उशाशी बसून जे टिपलं ते १९८२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आलं. त्यांनी दाखवलं की धोक्याची सूचना वेगळीच आहे: उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार. ज्याला नुसतीच भयंकर कळ आहे ते मूल बहुधा तरतं. ज्याची कळ फारशी नाही, पण जे घामाघूम आणि गार पडलंय, त्याच्या हृदयावर आणि फुप्फुसावर विषाचा परिणाम सुरू झालेला असतो. पुढे त्याच दशकात त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून ही मुलं वाचवली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्रिकोण अमेरिकेत छापून यायच्या अठरा वर्षं आधी बिरवाडीत एक माणूस हेच सांगत होता, की ओरडण्याकडे नको, घामाकडे बघा. कोकणातल्या सगळ्या शाळांच्या भिंतीवर सुविचारांच्या शेजारी हे लिहायला हवं होतं, असं माझं आपलं मत.

आपल्याकडे शालेय आरोग्याची सुरुवात काही उशिरा झालेली नाही. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १९०९ साली शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी झाली, देशातली पहिली. म्हणजे लीना रॉजर्सच्या मागे फक्त सात वर्षं. १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो आपल्या पालघरमध्ये. त्याची पथकं गावोगावच्या शाळांत येतात, जन्मजात व्यंगं, हृदयाला भोक, कमी दिसणं हुडकतात, आणि त्यातून कितीतरी मुलांची ऑपरेशनं झाली आहेत. काम मोठंच आहे. पण पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, आणि नर्स हे पद आपल्या बहुतेक शाळांत नाहीच. २०२० पासून आयुष्मान भारत योजनेत प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक 'आरोग्यदूत' म्हणून तयार करायचे ठरलं. पोषण, मनाचं स्वास्थ्य, व्यसनं, इंटरनेट, अशी अकरा शीर्षकं आहेत. शिक्षकांवर आणखी किती कामं टाकणार, हे मीही म्हणते. जनगणना, निवडणुका, खिचडीचा हिशोब... पण दारात उभं राहून अर्धा मिनिट बघायला शिकवायचं तर त्याला ना निधी लागतो ना बाहुली. आणि यात बाईंची बाजू डॉक्टरांपेक्षा वरचढ आहे. डॉक्टर मुलाला पहिल्यांदाच बघतात. हे मूल रोज कसं दिसतं, कसं बोलतं, कुठे बसतं, हे बाईंना माहीत असतं.

माझी एक विद्यार्थिनी आता जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. तिला मी त्रिकोणाबद्दल फोनवर सांगितलं होतं. हजेरी घेताना 'हजर बाई' कानावर आलं की मान खाली ठेवून पुढच्या नावावर जायचं, ही आपली सगळ्यांची पद्धत. ती आता प्रत्येक नावाला मान वर करते. पावसाळ्यात एका सकाळी तिसरीतल्या एका मुलीने 'हजर' न म्हणता नुसता हात वर केला. एरवी तिचा आवाज व्हरांड्यापर्यंत जातो. जवळ जाऊन बघितलं तर डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, तळहात गार. पहाटेपासून सहा-सात वेळा जुलाब झाले होते, पण आईला लावणीला जायचं होतं म्हणून पोर शाळेत आली होती. १०८ ला फोन लावला, पण डोंगरातला रस्ता, गाडीला वेळ लागणार होता. मग दुसऱ्या गुरुजींच्या मोटारसायकलवर मुलीला मध्ये धरून ती आरोग्य केंद्रात घेऊन गेली. दुपारपर्यंत सलाइन चढलं. चार दिवसांनी पोरगी शाळेत आली आणि पाढे म्हणताना इतकी ओरडत होती, की शेजारच्या वर्गातून गुरुजींनी येऊन तिला गप्प बसायला सांगितलं.